चाळीस ग्रॅम

म्हापशाला, फेरा आल्तच्या चढणीवर
चष्म्याच्या दुकानावरची खोली.
सोमवार-गुरुवार, साडेपाच ते सव्वासहा.
मी कोचावर आडवा, पाय दाराकडे,
डॉक्टर इर्मेलिंडा माझ्या डोक्यामागे कुठेतरी,
म्हणजे नाहीतच,
नुसता वेताच्या खुर्चीचा आवाज.

मी वजनमापे निरीक्षक.
लोकांचे काटे तपासतो, शिक्का मारतो,
खोटा निघाला तर पावती फाडतो.
झोप लागत नाही म्हणून आलो होतो.
त्या म्हणाल्या, स्वप्नं सांगा.
म्हटलं, झोपच नाही तर स्वप्नं कुठली?
त्याच आठवड्यात पडायला लागली,
आणि सगळ्यांत त्याच.

पहिल्यांदा चोडणच्या फेरीबोटीवर होत्या,
खाकी शर्ट, हातात साखळी.
बोट धक्क्याला टेकली, फळी काही उतरवेनात.
समोर माझी शाळा. घंटा होत होती.
"पलीकडे कोण होतं?"
शाळा, म्हटलं.
"शाळेत कोण?"
मी पंख्याची पाती मोजली. तीन.

मग आमच्या स्वयंपाकघरात
उकड्या तांदळातले खडे वेचत होत्या,
माझ्याकडे पाठ, केस ओले.
मी आई म्हणून हाक मारली नाही,
एवढं मुद्दाम लिहून घ्या, म्हणालो.
लिहून घेतलं की नाही, कळायला मार्ग नाही.

एक तर लाज वाटेल असं.
दोन गुरुवार मी उकाड्यावर बोलून काढले
आणि तिसऱ्याला सांगितलं, भराभर,
तपासणीला आलेलं पाहून
कोणी गल्ला झाकावा तसं.
त्या म्हणाल्या, "हं."
त्या 'हं'चं वजन करायला
आमच्या खात्याकडे माप नाही.

आणि मग पेडण्याचं दुकान.
बाबांच्या गादीवर त्या, बाबांचा चष्मा लावून
साखर तोलतायत.
मी सात वर्षांचा. माझ्या डोळ्यांच्या रेषेत नेमकं
पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं
चिंचेचं बोटूक.
"मग तुम्ही काय केलंत?"
साखर घ्यायला शेवंतीकाकी आली होती.
तिनं माझ्या गालाला हात लावला.
काय करणार होतो मी?

त्या शुक्रवारी रजा टाकली होती.
बाजारात, मासळीच्या ओट्यांपाशी
डॉक्टर. खऱ्या.
कापडी पिशवी, पायात रबरी चपला
(त्यांना पाय असतील असं कधी मनातच आलं नव्हतं),
सुंगटांवरून घासाघीस.
"पांचशें? कितें, भांगर विकता गो?"
हा आवाज खुर्चीतून कधी आलाच नव्हता.
मासळीवालीनं अर्धा किलो तोलला.
पारडं उचललं तसं खालून दिसलं:
काळं, मऊ, बोटाएवढं.
चाळीस ग्रॅम. मला नजरेनं कळतं,
चोवीस वर्षं झाली.
खिशात ओळखपत्र होतं.
डॉक्टरांनी नोटा मोजल्या
आणि मी नारळांच्या राशीमागे वाकलो,
बुटाची नाडी बांधायला.
पायात सँडल होत्या.

सोमवारी सांगितलं.
म्हणजे, स्वप्न पडलं म्हणून सांगितलं.
सुंगटांच्या जागी चणक घातला, पिशवी लाल केली,
नारळ, नाडी, सगळं वगळलं.
चिंच तेवढी राहू दिली.

मागे करकर नाही.
खाली चष्मेवाल्यानं शटर अर्धं ओढलं.
"आणि स्वप्नात," त्या म्हणाल्या, अगदी हळू,
"तुमच्या पायात काय होतं?"

पायांचं मी काहीच बोललो नव्हतो.
दाराशी काढून ठेवलेल्या सँडल
मला इथून दिसत होत्या.
त्यांनाही.