तेवीस–एकवीस

फोन मंगळवारी येतो.
शनिवारची लढत, फार्गो, कुणाचा तरी हात मोडलाय.
लायल पोस्पिशिल विचारतो, ‘किती?’
पैसे नाही विचारत. वजन.

मी त्याच्या जखमा शिवत नाही, फक्त थोपवतो.
गार लोखंड, कापसाच्या काड्या, व्हॅसलीन;
एका मिनिटात थांबेल तेवढं रक्त माझं.
बाकी वेळ गाडी चालवतो,
उपाशी माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नये म्हणून.

सीडर रॅपिड्सवर वारा असला की ओट भाजल्याचा वास येतो.
त्याच गिरणीत हा रात्रपाळीला पोती हलवतो.
वजन उतरवायच्या आठवड्यात त्या वासानं
डोळ्यांत पाणी येतं म्हणाला.
मी हसलो. तो हसला नाही.

मोटेलच्या टबात कढत पाणी, दोन किलो मीठ,
गळ्यापर्यंत बुडून तो सांगतो, काहीतरी बोल.
मी पेट्रोलचे भाव सांगतो.
शेवटचा अर्धा पौंड थुंकून काढायचा,
कागदी कपात.

तेवीस जिंकला, एकवीस हरला, एक बरोबरीत,
आणि एक रद्द, कारण त्या रात्री दुलुथमध्ये वीज गेली.

पाठ टेकली की संपलं, असा हा खेळ नाही.
पाठीवर पडूनच त्यानं नऊ गळे आवळलेत,
मांड्यांचा फास टाकून, वर बघत.
म्हणतो, खालून सगळं नीट दिसतं:
दिव्यांना जाळ्या, जाळ्यांत मेलेले किडे.

सलग सात जिंकल्यावर मोठ्यांनी बोलावलं.
टल्सा. टीव्ही.
हातमोज्यांना नव्या गाडीच्या सीटचा वास.
आईनं खसखशीच्या कोलाचींचा डबा दिलेला, नंतरसाठी.
तीन फेऱ्या.
दोन पंचांनी समोरच्याला दिली.
तिसरी पंच बाई होती, मिसेस ऑर्डवे,
तिनं ह्याला: एकोणतीस–अठ्ठावीस.
डबा आम्ही पार्किंगमध्ये संपवला, न बोलता.
पुढच्या दोन हरला, एक तर बेचाळीस सेकंदांत,
आणि करार पत्रानं आला तसा पत्रानं गेला.

मग हरायला बोलावू लागले.
असं कुणी म्हणत नाही. म्हणतात,
आमच्या पोराला अनुभवी माणूस हवाय.
पोराची दोनशे तिकिटं खपलेली असतात,
पहिल्या रांगेत त्याची शाळा, त्याचा न्हावी.
कधी कधी हा विसरतो कशासाठी बोलावलंय.
बिस्मार्कला विसरला.
पोराचा खांदा पिरगाळत नेला, नेला,
पोरानं हात आपटला
आणि सभागृह असं गप्प झालं
की पिशवीतला बर्फ सरकल्याचं मला ऐकू आलं.

गेल्या मार्चात, ओमाहाच्या अलीकडे,
पेट्रोलपंपावर ती दिसली.
कॉफीत तिसरी साखर टाकत होती.
हा पुढे झाला, टोपी काढली,
नाव सांगितलं, टल्सा सांगितलं.
तिनं बराच वेळ त्याच्या चेमटलेल्या कानाकडे पाहिलं.
‘बाळा,’ म्हणाली, ‘मला तेव्हा चष्मा लागलाय
हे मलाच ठाऊक नव्हतं.’

चाळीस मैल तो बोलला नाही.
मग हसला,
भुवईचे टाके उसवतील इतका,
मला गाडी कडेला घ्यावी लागली.

तरी हाताला पट्टी बांधताना
डाव्या अंगठ्याच्या तिसऱ्या वेढ्याला
तो अजून ते नाव पुटपुटतो.
मी ऐकलं नाही असं दाखवून पट्टी ओढतो.

फार्गो आठ तास.
एकशे सत्तर पौंड, म्हणजे ह्या वेळी जेवण आहे थोडं.
गिरणी मागे पडेपर्यंत
तो खिडकी उघडी ठेवतो.