बेटाची व्याख्या

एकतीस वर्षं मी फळ्यावर भूमध्य समुद्र काढला.
निळा खडू नेहमी आधी संपायचा.
सिसिली, क्रीट, माल्टा, सायप्रस,
डस्टरच्या एका फटक्यात बुडणारी बेटं.
उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात,
ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू-संत्री.
हे मी झोपेतही सांगू शकते,
आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे, सांगतेही.

निवृत्तीनंतर पासपोर्ट काढला. कोराच आहे.
पैसे भरायच्या आठवड्यात गुडघ्यानं दावा साधला
आणि माझं क्रीट
धुळ्यातल्याच एका दवाखान्यात जमा झालं.

मग झिप्रू भोई भेटला, बाजारात, डांगरांच्या ढिगामागे.
'बाई, तुम्हीन माले भूगोलमा नापास करेल.'
केलं असेल, म्हटलं.
'मंग चाला मना बेटवर. चार दिन ऱ्हा. काहीच करानं नही.'

मुडावदच्या खाली, पांझरा मिळते तिथून थोडं पुढे
तापी मार्च महिन्यात वाळूची पाठ वर काढते.
त्यावर टरबुजाचे वेल, काकडीचे वेल,
पऱ्हाट्यांची एक झोपडी, एक खाट,
आणि काठी टेकत होडीतून उतरलेली मी.

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा घड्याळ पाहिलं.
बाराव्या वेळी सुपडाबाईनं ते मनगटावरून काढून
खड्या मिठाच्या डब्यात ठेवलं,
'तठे बी चालीच' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काय झालं?
झिऱ्यात पाणी साचताना पाहिलं.
वाळूत हातभर खड्डा, तळाशी ओल,
ओलीचं थेंबभर, थेंबाचं ओंजळभर,
आणि करवंटी बुडेपर्यंत दुपार.
कळण्याची भाकर, लसणाचा ठेचा, काकडी.
मग सावली जिकडे सरकेल तिकडे
झिप्रूनं माझ्यासकट खाट सरकवली.
तीनदा.
सबंध दिवसातला प्रवास तेवढाच.

रात्री टिटवी उगाच ओरडत राहिली.
पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर
थोडी चालली, वीज गेली, थांबली.
मग नदीचा आवाज आला,
जो आधीपासून येतच असणार.

तेव्हा झिप्रूनं सांगितलं:
सहावीच्या पेपरात प्रश्न होता, बेट म्हणजे काय.
मला हवं होतं, 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग'.
त्यानं लिहिलं होतं,
'नदी जठे दम खास, ते बेट.'
मी लाल पेनानं आडवी रेघ मारली होती.
पेन कागदातून आरपार गेलं, म्हणाला,
आणि पुढच्या पानावरचं वाळवंटही नासलं.
राग नव्हता त्याच्या बोलण्यात.
बिडी विझली होती, तीच पुन्हा पेटवत होता.
मला गुण आठवेनात.
दोनपैकी शून्य, बहुतेक.

चौथ्या दिवसाचा तिसराच झाला.
वरच्या बॅरेजचं पाणी रात्री सोडणार, निरोप आला.
सुपडाबाई वेलांतून वाकून फिरली,
टरबुजांवर टिचकी मारत, कान लावत,
पिकलेलं होडीत, कच्चं देवावर.
मीही चार उचलली. गुडघा काही बोलला नाही.
मागं वळले तेव्हा
खाटेचे मागचे दोन पाय पाण्यात उभे होते.

'पुढला साल ऱ्हाई का रे हे बेट?'
'बेट ऱ्हाई, बाई. हाई नही. दुसरं.'

एसटीत कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय.
टरबूज, म्हटलं. त्याचं तिकीट लागत नाही.
नरडाण्याच्या वळणावर ते पिशवीतून सुटलं,
हिरवं, गोल, किंचित पूर्वेकडे कललेलं,
आणि सिटांखालून हळूहळू
सगळी गाडी फिरून आलं.
लोक नुसते पाय उचलत होते.
घड्याळाला अजून मिठाचा वास होता.
किती वाजले, ते काही मी पाहिलं नाही.