सर्बेर, दुपारचे दोन

इथे रुळांचं माप बदलतं.
पलीकडचे रुंद, अलीकडचे अरुंद,
म्हणून संत्री उतरवावी लागायची पूर्वी.
टोपल्या डोक्यावर घेऊन बायका
एका देशाच्या डब्यातून
दुसऱ्या देशाच्या डब्यात ओतायच्या.

"माझी मावशी त्यांतलीच,"
रमेय सांगते, मासळीचे खवले काढत.
"दिवसभर ये-जा. पासपोर्ट?
तो कशाला काढतेय!"

ऊन असं, की समुद्राकडे बघवत नाही.
बूट हातात, गोट्यांचा किनारा,
तळवे पोळतात, तरी उठवत नाही.

निघताना तिनं संत्रं दिलं एक.
"पलीकडचं आहे. स्वस्त पडतं."

फलाटावर पोलिसानं कागद मागितले.
खिशात हात घातला,
आधी सालीच आल्या हाताला.
त्यानं वास घेतला,
आणि मग व्हिसा वाचला,
सावकाश, दोनदा.