साल

मौलालीच्या गाड्यावरून रोज संध्याकाळी
मी दोन पिशव्या साली नेते.
"लोक रस नेतात, तुम्ही कचरा,"
म्हणतो, आणि पैसे घेत नाही.
त्याला कसं सांगू, रस नुसता गोड.
झाडानं स्वतःसाठी जे राखून ठेवलं,
उन्हाला, किडीला, तेल्याला तोंड द्यायला,
ते तुरट. ते सालीत.

साली सावलीत वाळवायच्या, असं लिहिलंय.
सोलापुरात सावलीही भाजते.
दोन दिवसांत कडकडीत. मग दळायच्या, भिजवायच्या, गाळायच्या.
तळाशी उरतं ते तपकिरी, चिकट,
बोटाला लागलं की आठवडाभर निघत नाही.
अप्पांची बोटं अशीच होती,
रंगाच्या हौदात जन्म गेला त्यांचा.

उंदीर चार पिंजऱ्यांत.
पहिल्यांना काही नाही. दुसऱ्यांना नुसता अर्क.
तिसऱ्यांना नुसती किरणं.
चौथ्यांना आठ दिवस अर्क, मग किरणं.
पस्तिसाव्या दिवशी काचपट्टीवर
केसाहून पातळ काप.

तिसऱ्या पिंजऱ्यातली नलिका भिंगाखाली पाहिली,
तेव्हा आमचा बंद पडलेला माग आठवला:
ताणा लावलेला, बाणाच नाही.
चौथ्याच्या कापात मात्र
काठ धरून काही पेशी उभ्या.
विरळ. फार विरळ.
पण अप्पा असते तर म्हणाले असते, कापड आहे.

हे मी घरी बोलले, तिथं चुकलं.

अंबादास गच्चीवर आला.
आत्याचा धाकटा, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
साखरपुड्यानंतर गाठ निघाली,
बार्शीला अठरा लाईट घेतल्या.
लाईटच्या आधी डॉक्टर म्हणाले होते,
पुण्याला जा, साठवून ठेवा.
त्याला लाज वाटली. आम्हाला घाई होती.

"अक्का, साल किती खायची रोज?"
"हे उंदरांपुरतंच आहे रे अजून."
"चालेल."
"आणि आधी द्यावं लागतं."
"कशाच्या आधी?"
मी साली उलट्या करू लागले.
त्याला कळलं. तोही वाकून करू लागला,
माझ्यापेक्षा नीट, एकेक.

खालच्या गल्लीत वीज गेली,
सगळे लूम एकदम गप्प झाले.
"त्या चौथ्या पिंजऱ्यातल्यांना
पिल्लं झाली पुढं?"

पस्तिसाव्या दिवसाला पुढं नसतं.
म्हणाले, "आम्ही तेवढंच बघतो."

त्यानं एक तुकडा उचलला, तोंडात टाकला.
कपाळाला आठ्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं.
थुंक म्हटलं.
थुंकला नाही. चावत राहिला,
वीज परत येईपर्यंत.