भुसा

वकील विचारतात, फरशी ओली होती का?
हो किंवा नाही, एवढंच सांगा.

साहेब, पाण्यानं ओली असती तर दिसली असती.
कूलंट सांडलं की फरशी नुसती चकाकते,
पाहुणे यायचेत म्हणून पुसून घेतल्यासारखी.
अंबडच्या त्या शेडमध्ये, चौथ्या लेथच्या बुडाशी,
ही चकाकी रोजचीच,
आणि तिच्यावर भुसा टाकायचं काम माझं.

भुसा संपून तीन दिवस झाले होते.
सुपरवायझरला सांगितलं होतं. तोंडी.

पहाटेचे साडेतीन.
मनिराम गावित ट्रे घेऊन निघाला, ट्रेमध्ये चाळीस बुशिंग.
घसरताना माणूस आधी हात टेकतो ना?
यानं ट्रे सोडलाच नाही.
खुब्यावर आपटला, ट्रे छातीशी तसाच.
एकोणचाळीस जागच्या जागी राहिले.
एक गडगडत माझ्या पायाशी आलं,
ते मी मोजून परत ठेवलं.
नुकसानीच्या रकान्यात कंपनीनं शून्य लिहिलंय,
ते बरोबर आहे.

पायात चप्पल नव्हती, बूटच होते.
दोन वर्षांपूर्वी मिळालेले,
तळ झिजून देवळाच्या पायरीसारखा झालेला.
काल रात्री लभडे कंत्राटदार पेढे घेऊन घरी आले,
म्हणाले, चप्पल आठवते का बघ.
पेढे पोरांनी खाल्ले.
चप्पल काही आठवली नाही.

रजिस्टर तुमच्यासमोर आहे.
त्यात मनिराम सोमवारी कामाला लागलाय.
पडला तो रविवारी.
म्हणजे विम्याच्या दवाखान्यात त्याचा नंबर नाही,
आणि आदल्या रात्री शेडमध्ये
कोण कुणाचं बुशिंग छातीशी धरून पडलं होतं,
ते कागदाला ठाऊक नाही.

डॉक्टरांनी पंधरा टक्के लिहिलेत.
पगाराचे साठ टक्के, त्याला वयाचा गुणक,
त्याचे परत पंधरा.
त्याची बायको तुळसा बाहेर बाकावर बसलीये,
तिला हे तीनदा समजावून झालं.
ती म्हणते, हिशोब कळला,
पण उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांना उकिडवं बसता येत नाही,
आणि चाळीतला संडास देशी आहे.

हो, साहेब. उत्तरच देतोय.

फरशी ओली होती.
भुसा नव्हता.
टाकणारा मी होतो, हेही लिहा,
नाहीतर तुमच्या समोरचे वकील विचारतीलच,
त्यांचं काम आहे ते.
उद्या गेटवर माझं कार्ड लागणार नाही, माहीत आहे.

म्हणून एक विनंती.
माझ्या नावापुढे, इथं, कोर्टाच्या कागदावर,
मी त्या शेडमध्ये किती सालापासून आहे
तेवढं एकदा लिहून घ्या.
सहा वर्षं झाली.
अजून कुठंच लिहिलेलं नाही.