दोनशे बारा

बॅटरीची काळी तार आधी सोड, नॉर्मन म्हणाला,
बाकी सगळं नंतर.
तो उलट्या क्रेटवर बसलेला, गुडघ्यांवर घोंगडी,
विलनहॉलच्या कुलूप-कारखान्यात
एकेचाळीस वर्षं राबलेले हात घोंगडीवर मोकळे.
डोळ्यांचा मधला भाग गेलाय त्याचा, कडेचं तेवढं दिसतं.
माझ्याकडे बघायचं असलं की तो दाराकडे बघतो.

हेरल्डचा डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा,
वरचं पॉलिश पापडासारखं फुगून तडकलेलं.
एकेक स्क्रू त्याच्या तळव्यावर ठेवायचा,
तो अंगठ्याने चाचपून सांगतो:
हा कारखान्यातला. हा नंतरचा,
कुणीतरी जबरदस्ती केलीय याच्यावर.
कुणीतरी म्हणजे तोच, चौऱ्याहत्तर साली.

वायरींचे रंग विचारतो.
सगळ्यांचा एकच रंग झालाय, धुळीचा.
जुनी टेप नखाने सोलली तेव्हा आत हिरवी निघाली,
पन्नास वर्षं ऊन न लागलेली.
हिरवी, मी म्हटलं.
कसली हिरवी?
घेवड्याची.
त्याला पटलं. परसात त्याने घेवडाच लावलाय.

प्रत्येक वायरला चिकटपट्टी, तिच्यावर मराठीत नाव.
डावा दिवा. पेट्रोलचा काटा. वायपर.
ही कसली कोण जाणे.
परत जोडायला मीच असणार, म्हणून.

मग स्पीडोमीटर.
त्याच्या पोटातून एक बारीक केबल खाली लोंबते, टोकाला बटण,
फिरवलं की सहलीचा आकडा शून्यावर.
ते फिरवू नकोस, बॅब, त्याने दोनदा बजावलं.
दोनशे बारा आहेत तिथे. बारमथ, जाऊन येऊन.
येताना बेरिल मागच्या सीटवर आडवी झाली होती, बूट काढून.
पुढचं त्याने सांगितलं नाही,
मी पक्कड शोधत राहिले.

नट गंजलेला. जोर लावला, सुटला नाही.
आणखी लावला,
तेव्हा नट आणि बटण हातात हात घालून फिरले.
काचेआड आकडे कुर्रर्र करत गडगडले
आणि तीन शून्यं शहाण्या पोरांसारखी ओळीत उभी राहिली.

निघालं?
निघालं.
किती दाखवतंय?
दोनशे बारा, मी म्हटलं.
तो दाराकडे बघत होता.

रात्री नऊला स्वयंपाकघरात,
स्पीडोमीटर कणकेच्या परातीत टेकवून,
ड्रिलच्या तोंडात केबलचा तुकडा धरला.
उलटं फिरवावं लागतं, नाहीतर काटा हलत नाही.
काटा साठावर आणून ठेवला
आणि निघाले.

वेल्शपूलच्या आसपास ड्रिल तापलं.
थांबले. चहा केला.
डोंगरातली वळणं मला ठाऊक नाहीत,
मी सगळा वेल्स सरळ रेषेत ओलांडला.
एकशे सहाला बारमथ आलं असणार.
तिथे समुद्र आहे म्हणतात. मी कधी गेलेली नाही.
फ्रिज घुरघुरत होता, तेवढाच.

परतताना काटा चाळिसावर ठेवला.
मागे कुणी झोपलं असेल तर एवढ्या वेगाने नेत नाहीत.
मनगट बधिर झालं, बॅटरी दोनदा बदलली.
अडीचला दोनशे बारा लागले.

वरच्या मोठ्या आकड्यात मात्र
तेवढेच मैल जास्तीचे चढलेत.
ते कुठल्या रस्त्याच्या नावावर टाकायचे,
याचा हिशेब माझ्याकडे नाही.

सकाळी नॉर्मनने स्पीडोमीटर मांडीवर घेतला,
बाहीने काच पुसली.
मागच्या भोकात करंगळी घालून
दाता एक घर फिरवला, कान लावला,
नवीन कुलूप तपासावं तसा.

फिरलंय हे, म्हणाला.
मी काही बोलले नाही.
त्याने मान वळवून दाराकडे बघितलं,
बराच वेळ.
मग हात पुढे केला:
दे, पुढचा स्क्रू दे.