तेवीस किलो

कोपरखैरण्याच्या माथाडी खोलीत
पलंगावर बॅग उघडी पडलीय तीन दिवस.
मी आणि धाकटी तिच्या कडेकडेनं झोपतो,
घरात तान्हं मूल असल्यासारखं.

पोलीस ठाण्याचा दाखला आला.
डिग्रीवर शिक्के बसले, एकावर एक,
इतके, की विद्यापीठाचं नाव वाचता येईना.
व्हिएतनाममधलं ते शहर नकाशात सापडतं,
पण त्याचं नाव अजून नीट उच्चारता येत नाही मला.
आणि मी तिथं उच्चार शिकवायला चाललेय.

मुलाखत स्वयंपाकघरात झाली, रेंज तिथंच येते.
मागचा सिलिंडर दिसू नये म्हणून
आई निळी चादर ताणून उभी, अर्धा तास,
दोन्ही हात वर.
पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या,
तुम्ही नेटिव्ह नाही, म्हणून पगार थोडा कमी.
मी यस मॅम म्हटलं. दोनदा म्हटलं.
मग चादर खाली आली आणि आईनं विचारलं,
नेटिव्ह म्हणजे आपलं गावच ना गं?

गावच. आबांच्या टोळीत सगळे तसंच म्हणतात,
चाललो नेटिव्हला, चार दिवस,
म्हणजे ढेबेवाडीच्याही वर,
एसटी जिथं वळून परत फिरते तिथं.
मला सांगता आलं असतं, आहे की मॅम,
नेटिव्ह आहे मला, तालुका पाटण.
पण साताऱ्याच्या आधी 'द' लागतो का,
त्यात अडकले.

रात्री जेवणं झाली की वर्ग भरतो.
विद्यार्थी दोन: आई, आणि शेजारचा विहान.
दात ओठावर टेकवा, व्ही.
ओठांचा चंबू करा, डब्ल्यू.
आपला व बिचारा एकटाच
दोन्ही पाळ्या करत आला इतकी वर्षं,
कधी जादा पैसे मागितले नाहीत.
आई चंबू करते आणि हसू फुटतं तिला,
म्हातारपणी शीळ घालायला लावतेस होय.
विहान मात्र सगळं बरोबर म्हणतो,
त्याची इंग्लिश मीडियमची फी त्याच्या ओठांवर दिसते.

बॅग तेवीस किलोच चालते.
आकड्याला लटकवायचा काटा मागवणार होते, चारशे रुपयांचा.
वजनाला चारशे? आबा म्हणाले.
एकतीस वर्षं दाणाबंदरात पोती वाहिली त्यांनी,
गुडघा गेला, पाठ अजून आहे.
चेन लावायला सांगितली.
हातावर हात घासले, बॅग उचलली,
डोळे मिटून उभे राहिले जरासे,
कुणी लांबून हाक मारल्यावर ऐकतात तसे.

पंचवीस. वर पाव.

मी डिक्शनरी काढली.
परत उचलली. अजून हाय.
व्याकरणाचं जाड पुस्तक काढलं.
वाईच अजून.
कांदा-लसूण मसाल्याच्या दोन पुड्यांकडे आम्ही तिघांनी पाहिलं
आणि मी बूट काढले.
आईनं ते लगेच पलंगाखाली सारले,
माझं मत बदलायच्या आत.

आता तेवीस, आबा म्हणाले. काटा आण नायतर.
कुणी काटा आणला नाही.

बॅग त्यांच्या खांद्यावर कधी गेली कळलंच नाही.
खोलीच्या मधोमध ते तसेच उभे,
थप्पी कुठं लावायची, ते कुणी सांगेल म्हणून थांबल्यासारखे.
मग विचारलं,
तिकडं उतरवून कोण घेणार?

पट्ट्यावर येते आबा, मी म्हटलं. आपोआप.

आपोआप,
आबा म्हणाले,
आणि तरी खाली ठेवली नाही.